एकट्या प्रवाशाचे टोकियो

चार-पाच दिवसांची रजा, बेताचा पैसा आणि सोबतीला कोणी नाही, अशा स्थितीत टोकियोला जाण्याचा मनोदय कोणी बोलून दाखविला की हितचिंतकांकडून जी भीती घातली जाते ती बहुधा ठरावीक असते: शहर अफाट आहे, भाषा येत नाही, आगगाड्यांचे जाळे डोके फिरविणारे आहे, आणि शाकाहारी माणसाचे हाल होतात. यांतील शेवटची गोष्ट बरीचशी खरी असून बाकीच्या बहुतांशी खोट्या आहेत. एकट्या माणसाची इतकी चोख व्यवस्था असलेले दुसरे महानगर माझ्या पाहण्यात नाही, आणि म्हणूनच निव्वळ ऐकीव भयाने कोणी हा बेत रहित करू नये, असे मला मनापासून वाटते.

पहिला भ्रम शहराच्या आकारासंबंधीचा. टोकियो हे एकाच मध्यबिंदूभोवती पसरलेले नगर नव्हे; 23 विशेष प्रभागांची आणि त्यांतील स्थानकांभोवती वाढलेल्या गावांची ती एक मालिका आहे. यामानोते नावाची 34.5 किलोमीटरची वर्तुळाकार लोहमार्गिका 30 स्थानकांना जोडते आणि सुमारे तासाभरात आपली प्रदक्षिणा पुरी करते. मुक्काम या वर्तुळावरील एखाद्या स्थानकापासून पायी पाच-दहा मिनिटांच्या टप्प्यात ठेवला की निम्मे नियोजन तेथेच संपते. प्रेक्षणीय स्थळांची लांबलचक यादी करून शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावण्यापेक्षा एका दिवसास एक बाजू नेमून द्यावी. सकाळी उएनोचे उद्यान आणि तेथील राष्ट्रीय संग्रहालय पाहावे, दुपारी असाकुसाचे सेन्सोजी मंदिर. या दोहोंमधील भुयारी रेल्वे 1927 साली सुरू झाली आणि आशियातील तो पहिला भुयारी मार्ग होय, हे ठाऊक असले म्हणजे पाच मिनिटांच्या त्या प्रवासालाही निराळी गोडी येते. मात्र सोमवारी बहुतेक संग्रहालये बंद असतात, हे बेत आखतानाच ध्यानात घ्यावे. जुन्या एदो नगरीच्या, म्हणजे पूर्वीच्या टोकियोच्या, पेठा आणि वाडे पाहावयास मिळतील या आशेने जो जाईल, त्याची निराशा होण्याचाच संभव अधिक; 1923 चा भूकंप आणि 1945 चे बाँबहल्ले यांत त्या नगरीचा फार मोठा भाग भस्मसात झाला.

आगगाड्यांविषयी बोलावयाचे तर गोंधळ मार्गांच्या संख्येमुळे होत नाही, कारभार वेगवेगळ्या हाती असल्यामुळे होतो. जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, गाड्या निराळ्या, टोकियो मेट्रोचे नऊ भुयारी मार्ग निराळे, महानगर शासनाच्या तोएई खात्याचे चार निराळे. परदेशी प्रवाशांसाठी 24, 48 किंवा 72 तासांचे जे भुयारी रेल्वेचे तिकीट मिळते ते या तेराही मार्गांवर चालते, परंतु यामानोते जेआरची असल्यामुळे तिच्यावर चालत नाही, आणि पुष्कळ लोक नेमके येथेच फसतात. यावर सर्वांत सोपी तोड म्हणजे सुईका अथवा पास्मो हे आगाऊ पैसे भरून ठेवावयाचे कार्ड; ते या सर्वांच्या गाड्यांवर चालते. प्रवाशांसाठी असलेल्या वेलकम सुईकाला अनामत लागत नाही. ते 28 दिवस चालते, मात्र त्यातील उरलेली रक्कम परत मिळत नाही, म्हणून थोडथोडी भर घालावी. जपानला जावयाचे तर देशभर चालणारा जेआर पास हवाच, हा समजही आता टाकून द्यावा. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांच्या पासाचे मूल्य 29,650 येनवरून 50,000 येनवर गेले; टोकियोहून क्योतोला जाऊन यावयाचे भाडे सुमारे 28,000 येन होते; तेव्हा जो टोकियोतच राहणार त्याने हा पास घेणे म्हणजे पैसा पाण्यात टाकणे होय.

स्थानकात शिरणे सोपे, त्यातून नेमके बाहेर पडणे कठीण. शिंजुकु स्थानकाला दोनशेंहून अधिक बाहेर पडण्याचे मार्ग आहेत, आणि चुकीच्या दाराने बाहेर आलेला माणूस दोन मिनिटांच्या ठिकाणासाठी अर्धा तास भटकू शकतो. यास्तव स्थानकाच्या नावाबरोबरच बाहेर पडण्याच्या दाराचा क्रमांकही टिपून ठेवावा व पिवळ्या पाट्यांवर तोच शोधीत जावे. टोकियोतील बहुसंख्य रस्त्यांना नावेच नसतात, पत्ता भाग, गट आणि घर यांच्या क्रमांकांनी सांगितला जातो. म्हणून वाट चुकली तर 'कोबान' म्हणजे पोलिसांची लहान चौकी गाठावी. तेथे भिंतीवर त्या भागाचा सविस्तर नकाशा लावलेला असतो आणि वाट दाखविणे हे तेथील शिपायाचे नित्याचे काम असते, त्यास भाषेची अडचण फारशी पडत नाही. पारपत्र मात्र सदैव जवळ बाळगावे. परदेशी पाहुण्यास तसा कायदाच आहे.

एवढे मोठे शहर रात्रभर जागे असेल आणि गाड्याही रात्रभर धावत असतील, हा तर्क साफ चुकीचा. मध्यरात्रीच्या सुमारास शेवटची गाडी निघते आणि पहाटे पाचच्या आसपास पहिली सुटते. त्या मधल्या वेळात टॅक्सीचे भाडे मोजावे लागते. बक्षिसी देण्याची चाल नाही, ती देऊ केल्यास समोरचा माणूस संकोचतो. रोख पैसा थोडा तरी जवळ हवा, कारण पुष्कळ यंत्रांत कार्डाची भर रोकडीनेच घालावी लागते. सामानातील औषधांकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. स्यूडोएफेड्रीनचे प्रमाण 10 टक्क्यांहून अधिक असलेले सर्दीचे औषध आगाऊ परवानगीवाचून त्या देशात नेण्यास मनाई आहे, मग ते आपल्या डॉक्टरांनी का लिहून दिलेले असेना.

आता आहाराचा प्रश्न. एकट्याने जेवावयास बसणे तेथे मुळीच विचित्र मानीत नाहीत. दारातील यंत्रात पैसे टाकून चिठ्ठी घ्यावी, लाकडी फळीपाशी एका माणसापुरत्या जागेत बसावे, चिठ्ठी पुढे सरकवावी, एवढाच काय तो व्यवहार. परंतु बुद्धाचा देश म्हणजे शाकाहाराची सोय, ही समजूत दिशाभूल करणारी आहे. इ.स. 675 मध्ये सम्राट तेम्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसास बंदी केली, तरी मासा त्या यादीत नव्हता. आणि आज भाजी दिसणाऱ्या पदार्थांतही माशाच्या अर्काचे 'दाशी' नामक पाणी असते. मठांतील शोजिन पद्धतीचे जेवण संपूर्ण शाकाहारी असते खरे, पण ते महाग असून आगाऊ सांगून ठेवावे लागते. एदोगावा प्रभागातील निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि तेथे आपल्या पद्धतीचे जेवण मिळते, मात्र रोज तिकडे जाऊन येण्यात दिवस मोडतो.

यावर उपाय म्हणून मी जपानी लिपीत एक चिठ्ठी लिहवून घेतली होती: मांस, मासे आणि माशापासून काढलेले पाणी मला चालत नाही. उएनोच्या एका गल्लीत सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, विकणाऱ्या वृद्ध मालकाने ती दोन्ही हातांत धरून वाचली, आत जाऊन एक डबा आणला आणि उघडून माझ्यापुढे धरला. आत रंध्याने काढलेल्या ढलप्यांसारखे, फिकट गुलाबी, वाळविलेल्या माशाचे पातळ काप होते. त्याने रश्शाच्या भांड्याकडे बोट दाखविले आणि मान हलविली. मी उठू लागलो तोच त्याने हाताने खूण करून मला बसविले, आणि थोड्या वेळाने निथळलेल्या कोऱ्या शेवया, चिमूटभर मीठ व किसलेला मुळा एवढेच माझ्यापुढे आणून ठेवले. शेवटी ज्या पाण्यात त्या शेवया उकडल्या होत्या ते ऊन, पांढुरके पाणी त्याने पेल्यात ओतून दिले, आणि कोकणात सकाळी भाताची पेज पितात तसे मी ते घोटाघोटाने पीत बसलो.