चारचाकी विकून मोटारसायकल घ्यावी का? : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेठ वडगाव हे हातकणंगले तालुक्यातील बाजारपेठेचे शहर पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावरील वाठारच्या फाट्यापासून थोड्याच अंतरावर असल्यामुळे येथील अनेकांची रोजची ये-जा शिरोलीची औद्योगिक वसाहत, कोल्हापूर किंवा इचलकरंजी येथे असते. चारचाकीत एकटाच माणूस बसून रोज चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जाऊन-येऊन करू लागला की पेट्रोलचा खर्च डोळ्यांवर येतो आणि ती विकून मोटारसायकल घ्यावी असा विचार पुढे येतो. मात्र घरात तो बोलून दाखवताच आई-वडिलांचा, पत्नीचा किंवा पतीचा विरोध सुरू होतो. या वादात दोन्ही बाजूंनी जी विधाने केली जातात, त्यांतील बरीचशी ऐकीव असतात. निर्णय घेण्यापूर्वी ती एकेक करून तपासणे हिताचे ठरते.

गैरसमज पहिला : घरचे उगाच घाबरतात, अपघात व्हायचा तर तो चारचाकीतही होतो.

वस्तुस्थिती : घरच्यांच्या काळजीला आकड्यांचा भक्कम आधार आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या वर्षी देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली आणि त्यांपैकी 74,897, म्हणजे सुमारे 44.5 टक्के, दुचाकीवरील होती. आपल्याकडे दुचाकींची संख्याच मोठी असल्यामुळे केवळ या प्रमाणावरून एका स्वाराचा धोका ठरवता येत नाही हे खरे. परंतु जेथे प्रवासाच्या अंतराचा हिशेब ठेवला जातो त्या अमेरिकेतही 2022 मध्ये तेवढ्याच अंतरामागे मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूचे प्रमाण मोटारीतील प्रवाशांच्या वीस पटींहून अधिक होते. तेथील रस्ते आणि वाहने वेगळी असली तरी कारण दोन्हीकडे एकच आहे : मोटारीत धडकेचा जोर पत्रा, पट्टा आणि हवेची पिशवी मिळून सोसतात, तर मोटारसायकलवर तो थेट माणसाच्या अंगावर येतो. म्हणून या काळजीला भित्रेपणा समजून झटकून टाकणे चुकीचे आहे.

गैरसमज दुसरा : वेग आवरला की धोका संपतो, अपघात फक्त सुसाट चालवणाऱ्यांचे होतात.

वस्तुस्थिती : अतिवेग हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आहे यात शंका नाही, पण कमी वेगाने चालवणारा आपोआप सुरक्षित होतो असे नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात हॅरी हर्ट यांच्या पथकाने सुमारे 900 मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली आणि 1981 मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात धडकेच्या क्षणीचा मध्यम वेग, म्हणजे निम्मे अपघात ज्याच्या खाली आणि निम्मे ज्याच्या वर घडले तो वेग, ताशी सुमारे 35 किलोमीटर इतकाच निघाला. आणि दोन वाहनांमधील अपघातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश घटनांत समोरच्या वाहनचालकाने मोटारसायकलस्वाराची वाट अडवली होती, कारण बहुधा तो त्याला दिसलाच नव्हता.

वडगाव परिसरात या न दिसण्याला हंगामाची जोड मिळते. गळीत हंगामात, म्हणजे साखर कारखाने ऊस गाळतात त्या महिन्यांत, दिवस मावळल्यावर उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. बाहेर आलेल्या उसामागे मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर झाकले जातात, समोरून येणाऱ्या वाहनाचा झोत डोळ्यांवर पडतो आणि ट्रॉलीचा काळा आकार अगदी जवळ आल्यावरच कळतो. ट्रॉलीतून गळून पडलेल्या उसाच्या कांडीवरून चारचाकी खडखडत निघून जाते, पण मोटारसायकलचे पुढचे चाक तीच कांडी फिरवून सरकवू शकते. त्यातच सहापदरीकरणाच्या कामासाठी महामार्ग वळवलेला असेल तेथे खडी, वाळू आणि अचानक बदललेली उंची यांची भर पडते. हे धोके स्वाराच्या वेगापेक्षा रस्त्यावर आणि वेळेवर अधिक अवलंबून असतात.

गैरसमज तिसरा : जवळच जायचे तर हेल्मेट कशाला, शिवाय त्याने मान दुखते आणि मागचा हॉर्न ऐकू येत नाही.

वस्तुस्थिती : 2022 मध्ये दुचाकीवर मृत्यू पावलेल्यांपैकी 50,029 जणांच्या, म्हणजे जवळपास दोन-तृतीयांश लोकांच्या, डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि त्यांत 14,337 जण पाठीमागे बसलेले होते. जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा असे सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे 69 टक्क्यांनी घटते. हर्ट यांच्या पाहणीतही हेल्मेटमुळे ऐकण्यात वा दिसण्यात अडथळा आल्याचे किंवा मानेच्या दुखापती वाढल्याचे आढळले नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नुसार हेल्मेट चालवणाऱ्याला आणि पाठीमागे बसणाऱ्यालाही बंधनकारक आहे. गल्लीच्या टोकापर्यंत जायचे असले तरी त्याला सूट नाही. मात्र हेल्मेट भारतीय मानक 4151 नुसार प्रमाणित, म्हणजे आयएसआय चिन्हाचे, असले पाहिजे आणि हनुवटीखालचा पट्टा आवळलेला असला पाहिजे, कारण सैल हेल्मेट पहिल्याच आपटीत डोक्यावरून निघून जाते.

गैरसमज चौथा : पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, म्हणून मागचाच ब्रेक वापरावा.

वस्तुस्थिती : घराघरांत शिकवला जाणारा हा धडा अतिशय घातक आहे. ब्रेक लावताच गाडीचा आणि स्वाराचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. त्यामुळे थांबवण्याची बहुतांश ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते आणि केवळ मागचा ब्रेक करकचून दाबल्यास ते चाक घसरते. पुढचा ब्रेक एकदम न आवळता क्रमाने वाढवत आणि मागच्याची जोड देत लावणे ही योग्य पद्धत होय. 2018-19 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस, म्हणजे चाक अडकू न देता ब्रेक लावणारी यंत्रणा, सक्तीची आहे. तरीही ती अंतराचे गणित बदलू शकत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगात धोका ओळखून हात ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी सुमारे 17 मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लावूनही पूर्ण थांबेपर्यंत एकूण सुमारे 40 मीटर लागतात. 80 च्या वेगात हेच अंतर 60 मीटरच्या पुढे जाते, आणि पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल व धूळ मिसळून तयार झालेल्या निसरड्या थरावर ते आणखी वाढते.

गैरसमज पाचवा : चारचाकी चालवता येते, त्यामुळे वेगळे काही शिकायला नको, आणि विमा आहे म्हणजे सगळे झाकलेले आहे.

वस्तुस्थिती : हलक्या मोटार वाहनाचा परवाना गिअरच्या मोटारसायकलला चालत नाही; त्यासाठी परिवहन कार्यालयात चाचणी देऊन त्या वर्गाची नोंद परवान्यावर करून घ्यावी लागते. विम्यामध्येही या नोंदीचे महत्त्व आहे, कारण मालक-चालकासाठीचे 15 लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण वैध परवाना असलेल्यालाच मिळते. कुटुंबाच्या दृष्टीने आणखी महत्त्वाची गोष्ट अशी की केवळ थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांना झालेल्या हानीची भरपाई करणारा कायद्याने आवश्यक किमान विमा, पाठीमागे सहज बसलेल्या व्यक्तीला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये तिलक सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. पत्नी, आई किंवा मूल मागे बसणार असेल तर त्यांच्यासाठीचे संरक्षण पॉलिसीत स्वतंत्रपणे घेतले आहे का, हे वाचून पाहिलेच पाहिजे.

गैरसमज सहावा : पेट्रोल वाचते, म्हणजे मोटारसायकल सर्व बाजूंनी स्वस्त पडते.

वस्तुस्थिती : बचत खरी आहे आणि ती लहान नाही. रोज 45 किलोमीटर आणि वर्षाला 300 दिवस धरले तर 13,500 किलोमीटर होतात. लिटरला 15 किलोमीटर देणाऱ्या मोटारीला 900 लिटर आणि 50 किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलला 270 लिटर पेट्रोल लागते. लिटरला 100 रुपये धरले तरी वर्षाला 63,000 रुपयांचा फरक पडतो. शिवाय महामार्गावरील किणीच्या टोलनाक्यावर दुचाकीला टोल नाही, आणि 2022 च्या दरांनुसार थर्ड पार्टी विम्याचा हप्ता 1000 ते 1500 सीसीच्या मोटारीला 3,416 रुपये तर 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला 714 रुपये होता. तथापि या हिशेबात चांगली हेल्मेटे, पावसाळी कपडे, वेळेवर बदलायचे टायर आणि वाढीव विमा हा खर्च धरावा लागतो. तसेच दुचाकीवर कायद्याने दोघेच बसू शकतात, त्यामुळे लग्नकार्य, दवाखाना किंवा म्हाताऱ्या माणसाला घेऊन रात्रीचा प्रवास या प्रसंगी भाड्याची गाडी करावी लागते. चार वर्षांखालील मुलाला नेताना हेल्मेट, स्वाराशी बांधणारा पट्टा आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा हे नियमही 2023 पासून लागू झाले आहेत.

या सर्वांचा विचार करता, घरात लहान मुले किंवा वृद्ध असून एकच वाहन परवडणार असेल तर चारचाकी विकणे योग्य ठरत नाही. याउलट ये-जा एकट्याची आणि दिवसाची असेल व कुटुंबासाठी दुसरी सोय असेल, तर मोटारसायकलचा निर्णय समर्थनीय आहे, पण घरच्यांच्या काळजीचे रूपांतर अटींमध्ये करूनच : परवान्याची नोंद आधी आणि खरेदी नंतर, एबीएसचीच गाडी, हेल्मेट दोघांनाही, गळीत हंगामात अंधार पडण्यापूर्वी परत, मुसळधार पावसात एसटी, आणि पाठीमागे बसणाऱ्याचाही विमा. या अटी घरात सर्वांसमोर ठरवाव्यात आणि त्या पाळल्या जातात की नाही हे विचारण्याचा अधिकार घरच्यांना द्यावा. ज्याला हे मान्य नसेल त्याने वर्षाकाठी साठ हजारांचे पेट्रोल जास्त जाळावे. त्या पैशात घरातल्या एका माणसाची सुरक्षितता विकत घेतली जात असेल तर तो खर्च वाया गेला असे कोणीही म्हणणार नाही.