उघडतं, पण अधूनमधून

सुरतेच्या डिंडोलीत रात्री जेवणं आटोपली की मी मायबोली उघडतो. जळगाव, धुळे, नंदुरबारहून उधन्याच्या गाडीने आलेल्या आमच्या लोकांमुळे इथे मराठी आणि अहिराणी दिवसभर कानावर पडते. वाचायला मात्र मला १९९६ पासून चालू असलेलं हे संकेतस्थळच लागतं. गेल्या महिन्यात ते मध्येच उघडेनासं झालं. पाच मिनिटांनी उघडायचं, थोडं वाचलं की पुन्हा बंद.

कायमचा बिघाड लवकर सापडतो. अधूनमधून होणारा मात्र दाखवायला जावं तेव्हा नेमका नसतो. म्हणून वहीत नोंदी सुरू केल्या: वेळ, वाय-फाय की मोबाइल डेटा, उघडलं की नाही. चार रात्रींत चित्र स्पष्ट झालं. मोबाइल डेटावर पान दरवेळी उघडत होतं, म्हणजे संकेतस्थळ ठणठणीत. वाय-फायवर ते अडलेलं असतानाही यूट्यूब चालू होतं, म्हणजे वायरही शाबूत.

मग पडद्यावरचा निरोप नीट वाचला: सर्व्हरचा पत्ता सापडला नाही. नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ सालची. माझ्या राउटरमध्ये त्यासाठी दोन सर्व्हर भरलेले होते. राउटर कधी याला विचारी, कधी त्याला. लॅपटॉपवर ‘एनएसलुकअप’ची आज्ञा देऊन दोघांना वेगवेगळं, दहा-दहा वेळा विचारलं. पहिल्याने दहाही वेळा पत्ता दिला. दुसऱ्याने सात वेळा ‘सर्व्हर फेल्ड’ म्हणून हात वर केले.

यूट्यूब का चालत होतं, याचा मला एकच अर्थ लागतो. तो पत्ता सगळी वस्ती विचारते, त्यामुळे सर्व्हरच्या साठवणीत तो तयार असतो. मायबोलीचा विचारणारे थोडे. त्यासाठी त्याला बाहेर चौकशी करावी लागे आणि तिथेच तो अडे. एवढी मराठी घरं असताना मायबोली उघडणारे इतके थोडे, हे कळलं तेव्हा वाईट वाटलं.

केबलवाल्याकडचा मुलगा आला. मी म्हटलं, “भाऊ, नेट चालू आहे, हा दुसरा सर्व्हर बिघडलाय.” त्याने वहीच्या पानाचा फोटो काढला. “काका, लोक नुसतं ‘नेट चालत नाही’ म्हणतात,” म्हणाला आणि दुसऱ्या सर्व्हरच्या जागी गूगलचा ८.८.८.८ भरून दिला. त्या रात्रीपासून पान अडलेलं नाही.

तुमच्याकडे असं झालं, तर राउटर बंद-चालू करण्याआधी तेच पान मोबाइल डेटावर उघडून बघा, आणि वेळ लिहून ठेवा.