गाडी गेली? आधी फिर्याद नोंदवा

ओळीने उभ्या केलेल्या दुचाकी, तोंडाला रुमाल बांधलेले दोघे-तिघे आणि मागे स्थानिक गुन्हे शाखेचे पथक. परभणी, हिंगोली, जालन्याच्या पानांवर हा फोटो वाचकांनी अनेकदा पाहिला आहे. पण ज्याची गाडी गेली, त्याने नेमके काय करायचे, हे या बातम्यांत सापडत नाही. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात दुचाकी म्हणजे दूध, खत, दवाखाना आणि मुलांची परीक्षा. ती गेली की घरच अडते.

जिंतूरहून परभणी, मंठा, औंढा आणि येलदरीमार्गे सेनगाव अशा वाटा फुटतात. तासाभरात गाडी जिल्ह्याबाहेर जाऊ शकते. म्हणून पाहुण्यारावळ्यांना फोन करण्यात आणि व्हॉट्सॲपवर फोटो फिरवण्यात दिवस घालवू नका. ११२ वर कळवा, ठाणे गाठा. गाडी परभणीच्या दवाखान्यासमोरून गेली आणि तुम्ही बोरीचे असलात, तरी बोरी ठाण्याला हद्दीचे कारण पुढे करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन कळवले असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नुसत्या तक्रार अर्जाच्या पोचपावतीवर परत फिरू नका. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते आणि विमा कंपनीही तीच मागते. निव्वळ थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई नसते. पॉलिसी पूर्ण संरक्षणाची असेल तर कंपनीलाही लगेच कळवा. मात्र फिर्याद वेळेत दिली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी सापडलीच नाही, तर पोलिसांचा ‘अ’ समरी अहवाल, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल, दाव्यासाठी लागतो.

फिर्यादीत चासी आणि इंजिन क्रमांक अचूक लिहून घ्या. नंबरप्लेट चोर पहिल्यांदा काढतो, चासी क्रमांक कानशीने घासतो. पण लोखंडावर आकडा ठोकताना त्याखालचा धातूही दबलेला असतो. आकडा घासला जातो, दाब उरतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो भाग गुळगुळीत करून त्यावर आम्लाचे द्रावण लावतात. दबलेला आणि न दबलेला धातू कमी-जास्त वेगाने झिजतो आणि फार खोल घासलेले नसेल, तर पुसलेला आकडा अंधूक का होईना, वर येतो. तो जुळवायला नोंद हवी. फिर्यादच नसेल, तर सापडलेली गाडीही बेवारस म्हणून पडून राहते.

मग येतो मधला माणूस. ‘गाडी कुठंय मला माहीत आहे, समोरच्याला थोडे द्यावे लागतील.’ गरजू माणूस देऊन मोकळा होतो. चोराला पकडून देण्यासाठी शक्य ते सारे न करता, चोरीचा माल मिळवून देतो म्हणून पैसे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २५२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा फोन आला तर तो नंबर पोलिसांना द्या. आपण मोजलेल्या पैशावर पुढची चोरी पोसली जाते.

आणि चोर हाती लागलाच तर? इथे मला परभणी जिल्ह्यातल्या उखळदची आठवण करून द्यावीच लागते. मे २०२३ मध्ये तिथे चोरीच्या संशयावरून शिकलगार समाजाच्या तीन मुलांना जमावाने मारहाण केली. त्यातला चौदा वर्षांचा मुलगा गेला. हे आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. डोळ्यांदेखत चोरी करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० तो अधिकार देते आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे सोपवायला सांगते. झटापटीत स्वतःचा आणि मालाचा बचाव करण्याचा हक्कही आहे. पण पकडून बसवलेल्या माणसावर पडलेला पहिला फटका हा गुन्हाच असतो. त्यातून गाडी मिळत नाही, फिर्यादी मात्र आरोपी होतो. संशयही बहुतेकदा भटक्या, परक्या, गरीब माणसावरच आधी जातो.

गाडी सापडली तरी वनवास संपत नाही. मुद्देमाल म्हणून ती ठाण्याच्या आवारात ऊन-पाऊस खात उभी राहते. सुंदरभाई देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले की, अशी वाहने ठाण्यात कुजवण्यात अर्थ नाही. पंचनामा करून, फोटो काढून, बंधपत्र घेऊन ती लवकर मालकाच्या ताब्यात द्यावीत. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये मुदतच आहे: माल न्यायालयापुढे आल्यावर चौदा दिवसांत त्याची नोंद आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. आरसी, विमा, ओळखपत्र जोडून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, गाडी मिळते.

हे सामान्य शेतकऱ्याला कोण सांगणार? जिंतूर, बोरी, चारठाणा, बामणी या ठाण्यांनी जप्त गाड्यांचे चासी क्रमांक आणि या अर्जाचा मराठी नमुना दर्शनी फलकावर लावावा. गाड्या सापडल्याचा फोटो छापून येतो त्याच दिवशी मालकांना फोन जावेत. आणि प्रत्येक ग्रामसभेने एवढा ठराव करावा: गावात चोर सापडला तर बसवून ठेवू, ११२ ला बोलावू, हात उचलणार नाही.