टेलपर्यंत पोचणारं चित्र

पाथरीच्या शिवारात पाण्याचे दोन हिशेब चालतात. पाऊस बांध बघून पडत नाही. त्याला ना पाळी, ना पाणीपट्टी. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी मात्र पैठणहून आवर्तनानं, चारीचारीनं येतं. वरच्या रानाचं भिजणं होतं आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी दार धरायला रात्रभर जागतो. टीव्हीचं चित्रही आज पावसाकडून कालव्याकडे निघालं आहे. म्हणून त्याच्या टेलची काळजी आत्ताच करायला हवी.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पण मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी पडली गोल. पावणेचारशे किलोमीटरवरच्या पाथरीला त्या पोचणं शक्य नव्हतं. १९८३मध्ये इन्सॅट-१बी आकाशात गेला, उपग्रहाचं चित्र घेऊन आसपास पसरवणारी छोटी प्रक्षेपण केंद्रं ठिकठिकाणी उभी राहिली आणि मुंबई-दिल्लीचं चित्र आडगावांपर्यंत आलं. १९८७मध्ये ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीत गाव मावत नसे. पुढे केबल आली, छपरांवर छत्र्या आल्या. डिसेंबर २००४मध्ये दूरदर्शनची विनाशुल्क डीटीएच सेवा सुरू झाली. तीच आजची डीडी फ्री डिश. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह एकच लहर खाली सोडतो. ती दहा घरांनी झेलली काय आणि दहा कोटी घरांनी झेलली काय, उपग्रहाचं काम तसूभरही वाढत नाही.

हा झाला पाऊस. इंटरनेट म्हणजे कालवा. तिथे दर प्रेक्षकामागे वेगळा प्रवाह सोडावा लागतो. क्रिकेट सामन्याचं चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं आणि प्रत्येक तुकडा ठळक, मध्यम, पुसट अशा अनेक प्रतींत तयार ठेवला जातो. रेंज जशी असेल, तशी प्रत फोन मागून घेतो. पुढचा तुकडा वेळेत आला नाही की पडद्यावर चाक फिरू लागतं. थोडे तुकडे आधी साठवून मगच चित्र सुरू होत असल्यामुळे शेजारच्या डिशवाल्या घरात षटकाराचा जल्लोष होतो, तेव्हा फोनवर गोलंदाज अजून धावतच असतो.

१९ नोव्हेंबर २०२३च्या विश्वचषक अंतिम सामन्याला डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते, असं कंपनीनं जाहीर केलं. एवढा भार पेलायला शहरोशहरी सर्व्हर ठेवून चित्राच्या प्रती जवळ साठवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ही शेततळीच. ती प्रेक्षकाच्या जितकी जवळ, तितका मुख्य कालव्यावरचा ताण कमी.

या कालव्यानं दिलेलं देणंही मोठं आहे. पूर्वी तालुक्याच्या बातमीदाराला चित्रित केलेली कॅसेट गाडीनं शहरात धाडावी लागे, नाहीतर उपग्रहाला जोडलेल्या ओबी व्हॅनची वाट बघावी लागे. आज अनेक सिमकार्डांचा वेग एकत्र करणारं यंत्र पाठीवरच्या पिशवीत मावतं. अतिवृष्टीत आडवं झालेलं सोयाबीन बांधावरून थेट मुंबईच्या स्टुडिओत दिसतं. आपण आता नुसते बघणारे उरलो नाही, दाखवणारेही झालो.

म्हणूनच दोन्ही पाण्यांचा मेळ घालणारे प्रयोग मला मोलाचे वाटतात. २०२३मध्ये देशभर लाखो फोन एकदम मोठ्यानं वाजले आणि आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी पडद्यावर झळकली. मोबाइल मनोऱ्यानं तो संदेश प्रत्येकाला वेगळा पाठवला नव्हता. एकदाच, सगळ्यांसाठी सोडला होता. चित्रासाठी असाच प्रयत्न म्हणजे ‘डायरेक्ट टू मोबाइल’. आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्ज यांनी प्रसार भारतीच्या साथीनं त्यावर काम केलं आहे. बंगळुरू, दिल्ली, नोएडा इथे चाचण्या झाल्या. यात प्रसारणाच्या मनोऱ्यावरून चित्र थेट फोनवर येतं, डेटा खर्च होत नाही. मात्र फोनमध्ये वेगळी चिप लागते, म्हणजे फोनची किंमत वाढण्याचा प्रश्न आहेच.

तो सुटेपर्यंत फ्री डिशची छत्री मोडीत काढण्याची घाई नको. ‘आमची माती आमची माणसं’सारखा शेतीचा कार्यक्रम कधी कुणाचं रिचार्ज विचारत बसला नाही. पुराच्या रात्री, मोबाइलचं जाळं कोलमडलेलं असताना, गोदाकाठच्या वस्तीला बातमी मिळायलाच हवी. कालवा किती चांगला हे धरणाच्या भिंतीवर उभं राहून कळत नाही. टेलला जाऊन, चारीत हात घालून बघावं लागतं.