कपातीच्या सावटाखालील काम

काही संकटे माणसावर एकाएकी कोसळतात, तर काही फार आधीपासून दारात येऊन बसतात. नोकरी जाण्याची भीती ही या दुसऱ्या प्रकारात मोडते. नोकरी गेली म्हणजे माणूस दुःख करतो, आणि मग कंबर कसून दुसरी वाट शोधू लागतो. परंतु ती जाणार की राहणार हेच जेव्हा कळत नाही, तेव्हा त्याला धड दुःखही करता येत नाही आणि धड कामही करता येत नाही. हात यंत्रावर असतात; चित्त मात्र कचेरीच्या फलकावर आज कोणती नोटीस लागली, याकडे लागलेले असते. अशा दिवसांत काम कसे करावे, हा प्रश्न गोमंतकातील डिचोली तालुक्यापुढे सहा वर्षांच्या आत दोनदा उभा राहिला.

डिचोली, शिरगाव, मये, पिळगाव, पाळी, साखळी या परिसरातील कित्येक घरांची चूल लोहखनिजावर पेटत असे. कोणी खाणीत यंत्र चालवी, कोणी कर्ज काढून ट्रक घेई, कोणी मांडवीतून मुरगावकडे जाणाऱ्या बार्जवर काम करी, तर कोणी रस्त्याकडेला गॅरेज किंवा चहाचे दुकान थाटी. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबविले व ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ रोजी बंदी उठली आणि वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आली. पुढे काम सुरू होऊन जरा स्थिरस्थावर होते न होते तोच, ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि १५ मार्चपर्यंत काम आटोपण्यास सांगितले. त्या निकालामागे निसर्गाच्या हानीचे व सार्वजनिक संपत्तीचे गंभीर प्रश्न होते. त्यांचा ऊहापोह हा येथील विषय नव्हे. येथे पाहावयाचे आहे ते निकालापासून बंदीपर्यंतच्या पाच आठवड्यांकडे.

उघड्या खाणीचे काम बेसावध माणसाला क्षमा करीत नाही. पायऱ्यांसारख्या कापलेल्या उतारावरून खनिजाने भरलेला डंपर खाली-वर न्यावयाचा असतो. चालकाच्या मनात बँकेचा हप्ता आणि मुलीची फी घोळत असेल, तर एका वळणावर घडलेली चूक त्याच्याच नव्हे, दुसऱ्याच्याही जिवावर बेतते. खाण बंद झाली तरी खड्ड्यात साचणारे पाणी उपसावे लागते, मातीचे ढीग पावसात खाली शेतांवर येणार नाहीत हे पाहावे लागते. म्हणून शेवटच्या दिवसांतील काम मन लावून करणे म्हणजे केवळ मालकाची चाकरी करणे नव्हे. त्यात सोबत्याची सुरक्षितता आणि गावाचे शेत ही दोन्ही गुंतलेली असतात.

पण मन लागावे कसे? “लक्ष दे” असे बजावून लक्ष लागत नाही, याला शास्त्राचाही आधार आहे. तामीळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांची एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच शेतकऱ्यांची बुद्धी आणि एकाग्रता संशोधकांनी तोडणीपूर्वी, म्हणजे हात तंग असताना, आणि तोडणीनंतर, म्हणजे हाती पैसा आल्यावर, अशी दोनदा तपासली. माणसे तीच असूनही तोडणीपूर्वी त्यांची कामगिरी निकृष्ट ठरली. पैशाची विवंचना मनाची बरीचशी जागा अडवून बसते, असा या पाहणीचा निष्कर्ष होता. तेव्हा कपातीच्या दिवसांत काम विसरणारा माणूस आळशी असतो किंवा नालायक असतो, असे समजू नये. त्याचे मन आधीच दुसऱ्या ओझ्याने भरलेले असते. ते ओझे थोडे उतरवून ठेवण्याची सोय करणे, हाच खरा उपाय होय.

पहिली सोय म्हणजे नक्की माहिती. चहाच्या टपरीवर दिवसाला दहा अफवा उठतात आणि प्रत्येक अफवा तासभर काम खाते. त्याऐवजी हक्क काय आहेत हे एकदा नीट जाणून घ्यावे. किमान एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई, हे तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने घालून दिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. भविष्यनिर्वाह निधीत किती रक्कम आहे, ग्रॅच्युइटी किती मिळेल, घर किती महिने चालेल, हे कागदावर मांडले म्हणजे भीतीला आकार येतो. आणि आकार आलेल्या भीतीशी दोन हात करता येतात. ट्रकमालकाला मात्र कामगाराचे हे संरक्षण नाही. त्याने बँकेत हप्ता थकण्यापूर्वीच जाऊन बोलावे, थकल्यानंतर नव्हे.

दुसरी सोय म्हणजे काळजीला तिची वेळ नेमून देणे. संध्याकाळचा अर्धा तास घरच्या माणसांसह बसून हिशेब, अर्ज, चौकशी यांत घालवावा. दिवसा काळजी डोके वर काढू लागली, तर ती चिठ्ठीवर टिपून संध्याकाळसाठी ठेवावी. काळजीला हक्काची जागा मिळाली म्हणजे ती कामाच्या वेळी फारशी आडवी येत नाही. कामाचेही लहान तुकडे करावेत. वर्षअखेरीस काय होईल, हे कोणाच्या हाती नसते. आजची पाळी बिनअपघात पार पाडणे मात्र बरेचसे आपल्या हाती असते.

शेजारच्या पेडणे तालुक्यात मोरजी, मांद्रे, हरमल येथील किनाऱ्यावर पर्यटनाचे काम करणाऱ्यांना मे अखेरीस हंगाम संपणार, हे ठाऊक असते. म्हणून पावसाळ्याची तरतूद आधीच होते. त्यांचेही उत्पन्न थांबते, पण ते सांगून थांबते. यातून व्यवस्थापकांनी घ्यावयाचा धडा असा की, वाईट बातमी दडवून ठेवल्याने काम चांगले होत नाही. ती वेळेवर व स्पष्टपणे सांगितली, तर माणसे तयारीला लागतात आणि उरलेले काम नेटके करतात.

तिसरी सोय घड्याळाची. ऑस्ट्रियातील मारिएन्टाल या गावची कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली. तेथे राहून संशोधकांनी लिहिलेले पुस्तक १९३३ मध्ये निघाले. त्यांना आढळले की, वेळ भरपूर मिळूनही लोक वाचनालयातून पूर्वीपेक्षा कमी पुस्तके नेऊ लागले आणि रस्त्याने चालताना त्यांची पावलेही मंदावली. कामाबरोबर दिवसाची घडीच विसकटली होती. म्हणून काम चालू आहे तोवर उठण्याची, निघण्याची, परतण्याची वेळ सोडू नये. आणि त्या घडीतच एखादे नवे कौशल्य शिकण्यासाठी तास काढावा. पेडण्यातील मोपा येथे ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. तेथील कामे खाणीच्या कामांहून वेगळी आहेत, ती शिकल्यावाचून येत नाहीत.

एप्रिल २०२४ मध्ये, लिलावानंतर, डिचोलीच्या खाणपट्ट्यात पुन्हा उत्खनन सुरू झाले. मधली सहा वर्षे कोणाला परत मिळाली नाहीत, आणि मन लावून काम केल्याने कोणाची नोकरी हमखास टिकते, असे वचन कोणी देऊ नये. तरीही शेवटच्या पाळीपर्यंत ज्याने यंत्राला तेल घातले, सोबत्याला सांभाळले आणि संध्याकाळी आपला हिशेब मांडला, तो खाणीच्या फाटकाबाहेर पडताना रिकाम्या हाताने पडत नाही. त्याचे कसब आणि त्याचा शब्द त्याच्यासोबत जातात, आणि नव्या दारावर उभे राहताना त्याला तेच उपयोगी पडतात.