ओरेगनहून पत्र : तिसरीतल्या मुलाचं कार्ड

बीव्हर्टन : इथल्या सरकारी शाळेतून बोलावणं आलं की मराठी आईबापांच्या पोटात गोळा येतो. आमच्या शेजारी भाईंदरचं कुटुंब राहतं. त्यांच्या तिसरीतल्या मुलाने तसं काही मोठं केलं नव्हतं. बाई शिकवत असताना मध्येच बोलायचं, जागेवरून उठायचं, शेजाऱ्याची पेन्सिल पळवायची, एवढंच. आपल्याकडे अशा मुलाला ‘वांड आहे’ म्हणून सोडून देतात. नाहीतर कॅलेंडरमध्ये लाल शेरा आणि खाली पालकांची सही.

इथे नेमकी अशाच मुलांसाठी एक मधली पायरी आहे. ही पद्धत मुख्यतः याच राज्यातल्या ओरेगन विद्यापीठात घडली; जॉर्ज सुगाई आणि रॉब हॉर्नर ही त्यातली मोठी नावं. त्यांचा ढोबळ हिशेब असा की शंभरातल्या ऐंशीएक मुलांना सगळ्यांसाठीचे नियम पुरतात, पाचेक मुलांकडे स्वतंत्रपणे बघावं लागतं आणि मधल्या पंधराएक मुलांना थोडाच हात द्यावा लागतो.

तो हात म्हणजे एक कार्ड. सकाळी शाळेत शिरताच मुलगा समुपदेशकाला भेटतो. दप्तर आणलं का, झोप झाली का, अशा दोन मिनिटांच्या गप्पा होतात. मग प्रत्येक तासाला शिक्षक 0, 1 किंवा 2 गुण देतात. सुटताना पुन्हा भेट, बेरीज, आणि कार्ड घरी सहीला. लक्ष्य साधारण 80 टक्क्यांचं. कमी गुण पडले तरी घरी पुन्हा ओरडायचं नाही, हे पालकांना बजावलेलं असतं. आपल्या लोकांना हेच सगळ्यात जड जातं.

गुणांचं हे वेड मला जरा अमेरिकनच वाटतं. पण लाल शेरा फक्त बिनसलेला तास टिपतो. कार्ड भरायचं तर सरळ गेलेल्या तासांकडेही शिक्षकाला बघावंच लागतं. शेजारच्या मुलाचे गणिताच्या तासाला जवळजवळ रोज दोनपैकी दोन गुण होते. घसरगुंडी सुरू व्हायची ती जेवणाच्या सुट्टीनंतर. हे त्याच्या आईलाही माहीत नव्हतं. अर्थात, मोठ्यांचं लक्ष वेधायला खोड्या काढणाऱ्यांना ही मात्रा जास्त लागू पडते. अभ्यास टाळायला दंगा करणाऱ्यांना तितकी नाही.

2009च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17व्या कलमाने आपल्याकडची छडी बंद केली, ते योग्यच झालं. पण तिच्या जागी बाईंच्या हाती काय दिलं? त्याच कायद्यात पाचवीपर्यंत साधारण 30 मुलांमागे एक शिक्षक धरलाय. प्रत्यक्षातले वर्ग तुम्ही जाणताच. इथे कार्डाचं काम वर्गशिक्षकावर एकट्यावर नसतं, समुपदेशक किंवा मदतनीस ते सांभाळतात. मीरा-भाईंदर महापालिकेच्या मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू शाळांत एकदम समुपदेशक नेमा म्हणणं सोपं आहे. त्याआधी प्रार्थनेनंतर पाच मुलांना रोज दोन-दोन मिनिटं द्यायला खेळाचे सर तयार होतील का, हे एखाद्या मुख्याध्यापकाने विचारून बघायला हरकत नाही. कार्ड झेरॉक्सवर निघतं.