अंगवळणी – ९ : मिटलेले ओठ, सुटे दात

सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाचं तोंड कधी निरखून पाहिलंय? काम असतं दोन बोटांचं आणि डोळ्यांचं. पण भुवया एकमेकींकडे ओढल्या जातात, ओठ आत जातात, दात गच्च मिटतात. दोरा ओवला गेला की बोटं सैल होतात. दात मात्र पुष्कळदा तसेच राहतात.

गेल्या लग्नसराईत ब्लाउज शिवणाऱ्या एक मावशी माझ्याकडे आल्या. तक्रार मानेची होती. मान धरते आणि संध्याकाळी दोन्ही कानशिलं ठणकतात. डोकेदुखीची गोळी रोजचीच झाली होती. मान तपासता तपासता माझी बोटं त्यांच्या गालांवर गेली, तर जबड्याच्या कोपऱ्यापासून गालफडाच्या हाडापर्यंतचा स्नायू सुकत आलेल्या कणकेसारखा घट्ट लागला. मी विचारलं, “मावशी, आत्ता तुमचे दात एकमेकांवर टेकलेत का?”

त्या क्षणभर थांबल्या. “टेकलेतच की. तोंड मिटल्यावर ते टेकणारच ना, ताई?”

मागच्या भागात आपण खांद्यांबद्दल बोललो. आजचा भाग मावशींच्या या प्रश्नासाठी. कारण मावशींना जे वाटत होतं, तेच माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना वाटतं, आणि ते खरं नाही. जबडा विसावलेला असताना ओठ मिटलेले असतात, पण वरच्या आणि खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटरचं अंतर असतं. गव्हाचा दाणा आडवा मावेल एवढं. जेवताना, आवंढा गिळताना दात जेवढे टेकतात, ते सगळं जमेस धरलं तरी दिवसाकाठी पंधरा-वीस मिनिटं होतात. बाकी सगळा वेळ दात सुटे असायला हवेत. ते तासन्‌तास टेकून राहिले, अगदी हलकेच जरी, तरी जबडा मिटणारे स्नायू तेवढा वेळ कामावर असतात.

हे स्नायू कुठे आहेत ते स्वतःच्याच हाताने शोधा. दोन्ही तळवे गालांवर ठेवा आणि दात हलकेच आवळा. जबड्याच्या कोपऱ्यावर टेंगळासारखा फुगवटा येतो, तो मॅसेटर. आकाराच्या मानाने शरीरातल्या ताकदवान स्नायूंपैकी एक. आता बोटं कानाच्या वर, केसांत ठेवून तेच करा. तिथेही काहीतरी हलतं. तो टेम्पोरॅलिस, हातपंख्यासारखा डोक्याच्या बाजूवर पसरलेला. त्याचं निमुळतं टोक गालफडाच्या हाडाखालून जाऊन खालच्या जबड्याला जुळतं. म्हणून दात आवळले जातात तोंडात आणि ठणका लागतो कानशिलात. कपाळ, भुवया, ओठ यांच्या स्नायूंची गोष्ट निराळी. ते हाडाला हाड जोडत नाहीत, त्यांचं एक टोक त्वचेतच गुंतलेलं असतं. म्हणून तर मनात काही आलं की चेहऱ्यावर उमटतं. चार्ल्स डार्विनने १८७२ साली माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावमुद्रांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात आठ्यांबद्दल एक बारीक निरीक्षण आहे. माणूस नुसता विचारात गढलेला असला तर भुवया आवळत नाही. विचारात किंवा कामात काही अडथळा आला की आवळतो. सुईच्या नेढ्यापाशी दोरा अडतो तेव्हा नेमकं हेच घडतं.

विसाव्याची जागा जबड्याला पुन्हा दाखवायची तर आपल्या बाराखडीत सोय आहे. ‘म’ म्हणा आणि तो लांबवा. ओठ जुळले, आवाज नाकातून आला आणि आत दात सुटे राहिले. दात मिटूनही ‘म’ म्हणता येतो, पण मग गालात ओढ जाणवते. हा फरक दोन-तीनदा करून बघाच. मग ‘न’ म्हणा आणि आवाज थांबवून जीभ तिथेच राहू द्या, वरच्या दातांच्या किंचित मागे, टाळूला हलकी टेकलेली. ‘म’चे ओठ आणि ‘न’ची जीभ, ही जबड्याची बसायची जागा. भ्रामरी करताना ओठ मिटून दात सुटे ठेवायला सांगतात, तेव्हा जबडा याच जागी येतो.

मावशींना मी पहिले आठ दिवस एवढंच सांगितलं. मालीश नंतर. हा क्रम मी मुद्दाम धरते. पाच मिनिटं गाल चोळून पुढचे पाच तास दात आवळून बसलं तर चोळल्याचा उपयोग टिकत नाही.

आता हाताचं काम. ते रात्री, दिवसाची कामं आटोपल्यावर करावं. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटं गालांवर धरा. बोटांना खोबरेलाचे चार थेंब पुरतात. चेहऱ्यावर मुरमं असतील तर तेल नको, कोरड्या बोटांनी करा. दाब किती? पिकलेला चिकू बाजारात दाबून बघतो तेवढा. चिकू फुटेल इतका दाब लोक स्वतःच्या गालाला का देतात, याचं मला अजूनही वाईट वाटतं. दुखऱ्या जागेवर राग काढल्यासारखे ते चोळत सुटतात. स्नायू दुखला की आणखी आवळतो. तुमचे डोळे बारीक झाले, श्वास अडकला, तर समजा दाब जास्त झाला.

तोंड किंचित उघडं ठेवा. तीन बोटांची टोकं गालफडाच्या हाडाच्या खालच्या कडेला लावा आणि नुसती ठेवा. दोन श्वास जाऊ द्या. मग बोटं त्वचेवरून घसरू न देता, त्वचेसकट, लहान लहान गोल फिरवा. स्नायू त्वचेखाली आहे, त्वचा घासून तो सैल होत नाही. एखादी जागा जास्त दुखरी लागेल, तिथे गोल फिरणंही थांबवा आणि बोट धरून ठेवा. पाच-सहा सावकाश श्वासांत ती जागा बोटाखाली मऊ होताना कळते. मग तेलाच्या बोटांनी हाडापासून जबड्याच्या कोपऱ्याकडे खाली हळूच ओढत या. खालीच, कारण या स्नायूचे धागे साधारण त्याच दिशेने गेलेले असतात.

कानशिलाचा सगळ्यांना माहीत असतो तो खड्डा, पण टेम्पोरॅलिस त्याहून खूप मोठा आहे. केसांत बोटं घालून कानाच्या वर आणि थोडं मागेपर्यंत जा, टाळूची कातडी हाडावरून सरकेल अशी हलवा. भुवयांसाठी चिमटी. नाकाजवळून सुरुवात करून अंगठा आणि तर्जनीत भुवई धरायची, सोडायची, थोडं बाहेर सरकायचं. डोळ्यांखाली मात्र चोळू नका, तिथली त्वचा फार पातळ असते. गळ्याच्या पुढच्या बाजूंनाही दाबू नका, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या तिथून जातात. सगळं मिळून चार मिनिटं. वाग्भटाने अष्टांगहृदयातल्या दिनचर्येत रोजचं अभ्यंग सांगताना डोकं, कान आणि पाय यांना खास जपायला सांगितलंय. दिवाळीच्या पहाटे तेवढं तेल लावून बाकी वर्षभर विसरणाऱ्यांनी निदान डोकं आणि कान तरी रोजचे धरावेत.

आवळलेपण कळतच नाही, अशी कित्येकांची अडचण असते. त्यांच्यासाठी शिकागोतले डॉक्टर एडमंड जेकबसन यांची वाट आहे. त्यांचं ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ १९२९ साली आलं. स्नायू आधी मुद्दाम ताठ करायचा, मग सोडायचा आणि दोन्हींतला फरक ओळखायचा, ही त्यांची पद्धत. चेहऱ्यावर ती हलक्या हाताने वापरा. भुवया वर ताणून पाच सेकंद, मग सोडा. ओठांचा चंबू, मग सोडा. दात पूर्ण ताकदीने आवळू नका, चौथाई जोर पुरे.

दिवसभराच्या सवयींत सगळ्यात वाईट मला वाटते ती फोन कान आणि खांद्यात धरून बोलण्याची. मान, जबडा, कानशील, तिन्ही एकदम वेठीला. चष्म्याचा नंबर बदललाय हे डोळे बारीक करून ढकलत राहणं ही दुसरी. एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या चष्म्याशिवाय दुचाकी चालवणाऱ्यांच्या आठ्या घरी पोहोचल्यावरही उतरत नाहीत. च्युइंगम तासन्‌तास चघळून जबडा मोकळा होत नाही, थकतो.

सुपारी आणि गुटख्याचं वेगळं बोलायला हवं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंड उघडत नाही म्हणून येणाऱ्यांत तो खाणारे भेटतातच. सुपारीने तोंडाची आतली बाजू हळूहळू कडक होत जाते, तिखट सोसत नाही, घास लहान लहान होतो. हा स्नायूंचा ताण नव्हे आणि मालीशने तो सुटणार नाही. त्यातून कॅन्सरचा धोका असतो. आपलीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील तर दंतवैद्यांना तोंड दाखवा, आणि सुपारी आजच सोडा.

आणखी काही दुखण्यांत हात लावत बसू नये. चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडली तर थेट हॉस्पिटल गाठा. जबडा दुखतोय आणि सोबत छातीत दडपण किंवा दरदरून घाम आहे, तरीही तेच. पन्नाशीनंतर कानशील नव्याने दुखू लागलं, चावताना जबडा भरून येऊ लागला, नजर अंधूक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर. गालात विजेच्या झटक्यासारखी कळ येत असेल तर ती नसेची असू शकते, तिला चोळू नका.

मावशींनी आठवण राहावी म्हणून शिलाई मशीनच्या मानेवर बांगडीचा लाल दोरा बांधला. सुई थांबली की नजर त्यावर जाते आणि मनात ‘म’ येतो. टाचण्या आता ओठांत नसतात, मनगटावरच्या उशीत असतात, आणि दोरा दाताने तुटत नाही, कात्रीने तुटतो. कानशिलं पूर्ण थांबलेली नाहीत. गोळी मात्र आठवड्यातून एखाद्या वेळी लागते.

पुढच्या भागात रात्री झोपेत दात खाण्याबद्दल. तोवर रोज सकाळी उठल्या उठल्या, ब्रश तोंडात घालण्याआधी, जबडा जड आहे का, कानशिलं दुखतात का आणि जिभेच्या कडेला दातांचे ठसे आहेत का, हे आरशात पाहून एका ओळीत लिहून ठेवा. त्या सात ओळी पुढच्या आठवड्यात वाचायला घेऊन बसा.